सेनापती दहा, हुकूम कोणाचा?

मागच्या अंकात अथेन्सनं इराण्यांशी दिलेल्या मॅरेथॉनच्या लढाईवर लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती लढाईपेक्षा हुद्द्यांबद्दल जास्त. नाशिककरांचं यात नवल नाही. देवळाली आणि नाशिक रोडच्या कॅम्पमुळे इथे दर दुसऱ्या गल्लीत एखादा पेन्शनर हवालदार नाहीतर सुभेदार सापडतोच. आणि फौजी माणसाला दुसऱ्याच्या फौजेबद्दल पहिला प्रश्न पडतो तो हाच, की तिथे कोण कोणाला सॅल्यूट ठोकतं?

मीही त्यातलाच. तोफखान्यातून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. ग्रीक भाषा येत नाही, हिरोडोटस, थुसिडिडीस, झेनोफोन ही जुनी ग्रीक इतिहासकार मंडळी इंग्रजीतून वाचली. यातले शेवटचे दोघे स्वतः सेनापती होते, म्हणून त्यांचं लिहिणं आम्हाला जरा लवकर कळतं. पत्रं बरीच आहेत, जागा ठरलेली आहे. निवडक घेतो.

अथेन्सच्या फौजेला एकाच वेळी दहा सेनापती होते असं तुम्ही लिहिलंत. मग हुकूम कोणाचा चालायचा? – एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

दहा होते हे खरं. इ.स.पू. ५०१च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. अथेन्सच्या नागरिकांच्या दहा जमाती पाडलेल्या होत्या. सुरुवातीला जमातीगणिक एक, असे दहा स्ट्रॅटेगॉस, म्हणजे सेनापती, दरवर्षी नागरिकांच्या सभेत हात वर करून निवडायचे. पुढे बाकीची बहुतेक सरकारी पदं अथेन्सनं चिठ्ठ्या टाकून भरली, पण लढाईचं काम चिठ्ठीवर सोडायचं नाही एवढं शहाणपण त्या लोकांनी शेवटपर्यंत राखलं. एकच माणूस कितीही वेळा निवडून येऊ शके. पेरिक्लीस सलग पंधरा वर्षं येत राहिला. फोकिऑन ४५ वेळा निवडून आला असं प्लुटार्क सांगतो.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घे, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. हा हुद्दा बढतीनं मिळत नसे. आमच्यासारखं शिपायापासून एकेक फीत लावत वर चढायचं, असा प्रकारच नव्हता. वर्ष संपलं की सेनापती परत साधा नागरिक. पुढच्या मोहिमेत तोच माणूस ढाल-भाला घेऊन रांगेत उभा राहिला तरी कोणाला त्यात कमीपणा वाटत नसे. नाटककार सोफोक्लीस इ.स.पू. ४४१-४०मध्ये पेरिक्लीसच्या बरोबरीनं सेनापती होता. आपल्याकडे नाटक लिहिणाऱ्याला ब्रिगेड दिली तर कँटीनमध्ये काय बोललं जाईल ते इथे लिहिता येणार नाही.

आता हुकुमाचं. मॅरेथॉनला, इ.स.पू. ४९०मध्ये, दहाही सेनापती हजर होते आणि रोज एकाची पाळी असे. लढायचं की नाही यावर मतं पडली तेव्हा पाच एका बाजूला, पाच दुसऱ्या. अकरावं मत पोलेमार्कचं. हा जुना सरसेनापतीचा मान, त्या वर्षी कॅलिमाकस नावाच्या माणसाकडे होता. दहांतला मिल्टिआडीस लढायच्या बाजूचा. तो त्याच्याकडे गेला, त्याला पटवलं, आणि लढाई ठरली. लढायच्या बाजूच्या सेनापतींनी आपापल्या पाळीचा दिवस मिल्टिआडीसला देऊन टाकला. त्यानं तो घेतला, पण हिरोडोटस म्हणतो की लढाई दिली ती स्वतःच्या पाळीचा दिवस उजाडल्यावरच. हा माणूस मला आवडतो. जिंकलो तर ठीक, हरलो तर ‘दुसऱ्याच्या दिवशी हरलास’ हे ऐकून घ्यायला नको! कॅलिमाकस उजव्या बगलेवर लढला आणि त्याच लढाईत पडला.

पुढे पोलेमार्ककडे लढाईचं काम राहिलंच नाही. अथेन्समध्ये राहणाऱ्या परक्यांचे खटले पाहायचे आणि लढाईत पडलेल्यांच्या स्मरणार्थ खेळ भरवायचे, एवढं उरलं. सगळी सूत्रं दहांकडे गेली. मोहिमेवर दहाही जात नसत. सभा ठरवी, या कामाला हे दोघे, त्या कामाला ते तिघे. कधी एकाला जास्त अधिकार दिले जात, एरवी सगळे बरोबरीचे.

बरोबरीचे असले तरी डोक्यावर सभा होतीच. वर्षाचे दहा भाग केलेले असत, आणि दर भागात सभेला विचारलं जाई, सेनापती काम बरं करतायत का? ‘नाही’ म्हणून हात वर गेले की गडी थेट कोर्टात. इ.स.पू. ४२४मध्ये अथेन्सचं अँफिपोलिस हे शहर हातचं गेलं. सेनापती थुसिडिडीस मदतीला पोचला तेव्हा उशीर झालेला होता, त्याला वीस वर्षं हद्दपारी भोगावी लागली. इतिहास लिहायला त्याला मोकळा वेळ मिळाला तो या शिक्षेमुळे, पण ते त्याच्या वाट्याचं झालं.

सगळ्यात वाईट प्रकरण आर्गिनुसाईचं, इ.स.पू. ४०६. समुद्रावरची लढाई आठ सेनापतींनी मिळून जिंकली, स्पार्टाचा आरमारप्रमुख बुडाला. पण अथेन्सची २५ जहाजं गेली आणि त्यांच्यावरची माणसं पाण्यात राहिली. त्यांना उचलून आणायचं काम सेनापतींनी हाताखालच्या जहाज-कप्तानांवर सोपवलं, ४७ जहाजं दिली. त्या कप्तानांत थेरामेनीस होता. वादळ सुटलं, कोणी पोचू शकलं नाही. घरी आल्यावर हाच थेरामेनीस उभा राहून म्हणतो, दोष सेनापतींचा. आठांपैकी दोघे शहाणे, परत आलेच नाहीत. उरलेल्या सहांना एकगठ्ठा मतदान करून मारून टाकलं, त्यांत पेरिक्लीसचा मुलगाही होता. असं मतदान घेणं बेकायदा आहे म्हणून त्या दिवशीच्या अध्यक्षमंडळातला एक जण हटून बसला, त्याचं नाव सॉक्रेटिस. हुकूम खाली जातो आणि जबाबदारी वर येते हे कुठल्याही फौजेत चालतंच. पण जिंकून आलेले सेनापती मारायचे आणि दुसऱ्या वर्षी नवे शोधायचे, हे फक्त अथेन्सलाच जमलं. दुसऱ्या वर्षी स्पार्टाशी इगोस्पोटामीला झालेल्या लढाईत जवळजवळ सगळं आरमार गेलं.

थीब्ज या दुसऱ्या ग्रीक राज्यातही अशीच मतं मोजायची पद्धत. ल्युक्ट्राला, इ.स.पू. ३७१मध्ये, स्पार्टाविरुद्ध सात बिओटार्क, म्हणजे तिकडचे सेनापती, होते. लढायचं म्हणणारे तीन, नको म्हणणारे तीन. सातवा उशिरा आला, लढू म्हणणाऱ्या एपामिनोंडासच्या बाजूनं बोलला, आणि स्पार्टाची सद्दी संपली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत हवं असेल तर, हुकूम सभेचा, सेनापती तो राबवणारे. डेमॉस्थेनीस या वक्त्यानं इ.स.पू. ३५१मध्ये अथेन्सकरांना तोंडावर सुनावलं आहे, की दहा सेनापती, दहा टॅक्सिआर्क, दहा फायलार्क आणि दोन हिप्पार्क तुम्ही निवडता, त्यांतला एक लढाईवर जातो आणि बाकीचे गावात मिरवणुका काढतात. मातीच्या बाहुल्या करणाऱ्यासारखे तुम्ही सेनानी बाजारात मांडायला घडवता. (टॅक्सिआर्क म्हणजे एका जमातीच्या पायदळ तुकडीचा प्रमुख. हिप्पार्क घोडदळाचे, फायलार्क त्यांच्या हाताखालचे.) आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाला सात उपाध्यक्ष आहेत. मांडव घालायच्या दिवशी किती येतात ते मी मोजत नाही.

राम राम सुभेदारसाहेब. आपल्याकडे सेक्शन, प्लाटून, कंपनी अशी उतरंड आहे. ग्रीकांकडे असं काही होतं, की नुसते सेनापती आणि खाली गर्दी? – एक माजी हवालदार, देवळाली कॅम्प

राम राम हवालदारसाहेब. तुम्ही विचारलंत ते मला फार दिवस लिहायचं होतं.

अथेन्सकडे पाहिलं तर तुमचं ‘खाली गर्दी’ फारसं चुकीचं नाही. दहा सेनापती, त्यांच्याखाली दहा टॅक्सिआर्क, आणि टॅक्सिआर्क स्वतःच्या पसंतीनं नेमी ते लोखॅगॉस, म्हणजे लहान तुकडीचे प्रमुख. संपलं. त्याच्या खालच्या हुद्द्याचं नाव ऐकू येत नाही. माणसं शूर होती, पण घरून ढाल घेऊन आलेली.

स्पार्टाची गोष्ट वेगळी. थुसिडिडीसनं इ.स.पू. ४१८च्या मँटिनियाच्या लढाईत त्यांचं गणित मांडलं आहे, आणि ते वाचताना मला परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा तक्ता, वाचल्यासारखं वाटलं. राजा स्वतः मैदानात. तो हुकूम देतो पोलेमार्कांना. (नाव तेच, पण अथेन्सच्या खटलेवाल्या पोलेमार्कशी काही संबंध नाही, हे खरे लढणारे.) पोलेमार्क सांगतो लोखॅगॉसला, लोखॅगॉस पेंटेकोंटरला, पेंटेकोंटर एनोमोटार्कला, आणि एनोमोटार्क आपल्या टोळीला. त्या दिवशी स्किरिटाई नावाची ६०० माणसं सोडून सात लोखॉस, म्हणजे लोखॅगॉसच्या तुकड्या, होते. एका लोखॉसमध्ये चार पेंटेकोस्टिस, एका पेंटेकोस्टिसमध्ये चार एनोमोटिया, म्हणजे टोळ्या. एनोमोटियाच्या पुढच्या रांगेत चार जण, मागे साधारण आठाची खोली. सात गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे पुढची रांग ४४८ माणसांची. स्पार्टावाले संख्या कोणाला सांगत नसत, म्हणून थुसिडिडीसनं ती अशी हिशेबानं काढली.

म्हणजे बत्तीस माणसांमागे एक नाव असलेला, जबाबदार पुढारी. थुसिडिडीस तिथेच म्हणतो की थोडे लोक सोडले तर ही सगळी फौज म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालचे अधिकारीच. शिवछत्रपतींच्या पायदळात नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी साखळी होती, तिच्या जवळ जाणारी ग्रीसमधली फौज हीच. तुमचा हुद्दा तिथून चालत आला आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता हे कशाला हवं? तुम्ही रेंजवर पाहिलं आहे. तोफेच्या डिटॅचमेंटमध्ये प्रत्येकाला नंबर असतो, नंबर वन हवालदार. बॅटरी कमांडर किती हुशार आहे यावर गोळा वेळेवर सुटत नाही. गोळा कोणी उचलायचा, कोणी कुठे उभं राहायचं, नंबर वन खाली बसला तर कोणी बोलायचं, हे त्या पाचसात माणसांना झोपेतही ठाऊक असतं म्हणून सुटतो. एनोमोटार्क म्हणजे स्पार्टाचा नंबर वन. झेनोफोन लिहितो की फिरण्याचे, रांग रुंद-अरुंद करण्याचे हुकूम एनोमोटार्क दवंडी दिल्यासारखे तोंडी देई आणि त्यात शिकायला अवघड असं काही नव्हतं. अवघड नव्हतं स्पार्टावाल्यांना! बाकी ग्रीकांना ही कसरत जमतच नसे. माझं मत विचाराल तर सेनापती किती चांगला हे बघायचंच नाही, शेवटच्या टोळीपुढे कोण उभा आहे ते बघायचं.

मग तिथे कोणी हुकूम मोडत नसे का? मोडत असे, आणि चांगलाच. मँटिनियालाच राजा एजिसनं ऐन चालून जाताना हिपोनोइडास आणि अरिस्टोक्लीस या दोन पोलेमार्कांना सांगितलं, उजवीकडच्या दोन तुकड्या काढा आणि डावीकडची फट भरा. दोघांनी ऐकलं नाही. फट राहिली, शत्रू आत घुसला. तरी लढाई स्पार्टानंच जिंकली, कारण खालच्या टोळ्या आपापल्या जागी शाबूत होत्या. त्या दोघांना पुढे भित्रेपणाच्या आरोपावरून देशाबाहेर काढलं. हुकूम अशक्य होता असं मला वाटतं, शत्रू समोर आल्यावर उजवीकडची माणसं डावीकडे पळवत नेणं कोणाच्या बापाला जमणार? पण कोर्ट मार्शलमध्ये असल्या गोष्टीला किंमत नसते, ते तुम्हीही जाणता.

दुसरा किस्सा प्लॅटियाचा, इ.स.पू. ४७९. समोर इराणी फौज. स्पार्टाचा सेनापती पॉसेनियसनं रात्री मागे हटायचा हुकूम काढला. अमोम्फेरेटस नावाचा एक लोखॅगॉस म्हणाला, परक्यांपुढून मी पळणार नाही. वाद वाढला. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी एक मोठा धोंडा उचलला, सेनापतीच्या पायाशी आणून टाकला आणि म्हणाला, हे माझं मत, पळून जाऊ नये याला. ग्रीक लोक मतदानाला खडे टाकत, यानं शिळा टाकली. पॉसेनियसनं त्याला वेडा म्हटलं आणि उजाडता उजाडता बाकीची फौज घेऊन निघून गेला. आपण खरंच मागे एकटे राहिलो हे दिसल्यावर अमोम्फेरेटसनं आपल्या लोकांना शस्त्रं उचलायला सांगितली आणि सावकाश पावलं टाकत मागोमाग निघाला. त्याच लढाईत तो मारला गेला आणि सगळ्यात शूर लढलेल्यांत त्याचं नाव आलं. थुसिडिडीस म्हणतो की हिरोडोटसनं सांगितलेली त्याची तुकडी, म्हणजे पिटानेचा लोखॉस, कधी अस्तित्वातच नव्हती. असेना का. धोंडा मात्र खरा वाटतो.

जहाजाचा कप्तान पैसेवाला आहे म्हणून नेमत, हे खरं का? – सिन्नर

खरं. अथेन्समध्ये ट्रायरार्क म्हणजे श्रीमंत नागरिक. जहाजाचा सांगाडा सरकारचा, वर्षभर ते लढतं ठेवायचा खर्च याचा, आणि हुकूमही याचा. पुढे खर्च झेपेना तेव्हा एका जहाजाला दोघे भागीदार. दोनशे माणसांच्या जहाजात १७० वल्हेकरी असत. समुद्राचं काही न कळणाऱ्या शेठला सांभाळायचं काम सुकाणूवाल्याचं, म्हणजे कुबर्नेटीसचं. वल्हेकऱ्यांना हाक घालणारा वेगळा, ताल धरायला बासरीवाला वेगळा. खरं जहाज हे चालवत.

स्पार्टाचं आरमार एका नॅव्हार्कच्या हाती. वर्षभराची नेमणूक, जन्मात एकदाच. लायसँडर नावाच्या नॅव्हार्कचं वर्ष संपलं, पण दोस्त राज्यांना तोच हवा होता. मग स्पार्टानं कायदा न मोडता मार्ग काढला. नॅव्हार्क म्हणून अरॅकसचं नाव, आणि लायसँडर त्याचा दुय्यम. सही एकाची, कारभार दुसऱ्याचा. इगोस्पोटामीला अथेन्सचं आरमार संपवलं ते या दुय्यमानं.

पांडवलेण्यात यवनाचा शिलालेख आहे म्हणतात. तो ग्रीक सेनापती होता का? नाशिकला ग्रीक फौज आली होती का? – पाथर्डी फाटा

फौज आली असती तर तुमच्या भागातूनच गेली असती, पण तसा काही पुरावा नाही. लेख आहे तो १७ क्रमांकाच्या लेण्यात, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात. देणगी देणारा इंद्राग्निदत्त, धम्मदेव नावाच्या यवनाचा (जुन्या लेखांत हा शब्द ग्रीकांसाठी येतो) मुलगा, उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा. त्रिरश्मी डोंगरात लेणं, त्यात चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवली, पुण्य आईवडिलांना. हुद्द्याचा एक शब्दही नाही. सेनापती असता तर लिहिलं असतं, कारण त्याच डोंगरात हुद्दा लिहिणारे आहेत. पुढे २० क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथला लेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षाचा. बोपकी नावाच्या यतीनं लेणं सुरू केलं, बरीच वर्षं अर्धवट पडलं होतं, ते पुरं केलं महासेनापती भवगोपाची बायको वासू हिनं. आणि स्वतःला ती म्हणवते ‘महासेनापतिनी’. फौजेत नवऱ्याचा हुद्दा बायकोला आपोआप लागतो, हे कुठल्याही कॅम्पात विचारा.

ग्रीकांचा हुद्दा हिंदुस्थानात आलाच नाही असं मात्र नाही. वायव्येला, गांधाराकडे, तो ग्रीक राजवट संपल्यावरही टिकून राहिला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथे अस्पवर्मा नावाचा सरदार होता, त्याच्या नाण्यांवर खरोष्ठीत ‘इंद्रवर्मपुत्र अस्पवर्मा, स्ट्रॅटेग’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. त्याआधी स्वातच्या खोऱ्यात थिओडोरस नावाच्या मेरिडार्कनं, म्हणजे एका भागाच्या अंमलदारानं, बुद्धाचे अवशेष स्थापन केले. त्याच्या कलशावर हुद्द्यासकट नाव आहे. गंमत अशी, की अथेन्समध्ये ज्या हुद्द्यासाठी दरवर्षी सभेपुढे उभं राहावं लागे, तोच इथे माणूस बापाच्या नावासकट नाण्यावर पाडून घेतोय. हात वर करणारं कोणी उरलेलं नव्हतं.

अलेक्झांडरचा स्वतःचा हुद्दा काय होता? – इंदिरानगर

राजा. शिवाय बापाकडून आलेलं ग्रीक संघाचं पुढारपण. मॅसिडॉनमध्ये निवडणूक नाही, हात वर करणं नाही, नेमायचं राजानं आणि काढायचंही राजानं. आपल्याला बढती-बदलीची जी फौज माहीत आहे तिच्या जवळ जाणारी ही पहिली. मानाची जागा शरीररक्षकांची. ते सातच असत, पेऊकेस्टासनं जखमी राजावर ढाल धरली म्हणून आठवी जागा काढली. राजाचं खास घोडदळ एकट्या फिलोटासकडे होतं. इ.स.पू. ३३०मध्ये त्याला कटाच्या आरोपावरून मारलं आणि त्याची जागा दोघांना वाटून दिली, हेफाइस्टिऑन आणि क्लायटस. एवढे घोडेस्वार एका माणसाच्या हाती नकोत, मग तो कितीही जवळचा असो, असं कारण अलेक्झांडरचा चरित्रकार एरियन देतो.

पण मला जास्त बघण्यासारखी वाटते ती त्याची शेवटची मांडणी. इ.स.पू. ३२३, बॅबिलॉन. इराणी शिपाई पायदळात घ्यायचे होते. सोळा माणसांची एक ओळ केली. पहिला मॅसिडोनियन, ओळीचा प्रमुख डेकॅडार्क. मागे दुप्पट पगाराचा मॅसिडोनियन. त्याच्या मागे त्याहून थोडा कमी, पण साध्या शिपायापेक्षा जास्त पगाराचा मॅसिडोनियन. मग बारा इराणी, धनुष्य नाहीतर भालाफेकीवाले. आणि सगळ्यात मागे पुन्हा जास्त पगाराचा एक मॅसिडोनियन. पुढे तीन, मागे एक, मधे नवी भरती. हे कागदावर ज्यानं मांडलं त्याला रिक्रूट कधी आणि कुठून पळतात ते नेमकं ठाऊक होतं. त्याच वर्षी अलेक्झांडर वारला, ओळ लढाईत उतरलीच नाही.

मी एन.सी.सी.त आहे. ग्रीक अधिकारी कुठे उभे राहायचे, मागे की पुढे? घोड्यावर बसायचे का? आणि पगार किती? – इयत्ता नववी, पंचवटी

तीन प्रश्न विचारलेस, तिन्ही चांगले.

उभे राहायचे पुढे, बहुतेक वेळा उजव्या टोकाला, शिपायांबरोबर. म्हणून मरायचेही. डेलियमला, इ.स.पू. ४२४मध्ये, अथेन्सचा सेनापती हिपोक्रेटीस रांगेपुढून भाषण करत चालला होता. अर्ध्या रांगेपर्यंत पोचला तेवढ्यात शत्रू टेकडीवरून उतरला, आणि उरलेल्या अर्ध्यांनी ते भाषण ऐकलंच नाही. हिपोक्रेटीस त्या दिवशी पडला. दोन वर्षांनी अँफिपोलिसला दोन्ही बाजूंचे सेनापती, क्लिऑन आणि ब्रासिडास, एकाच लढाईत गेले. सगळेच असे होते असं समजू नकोस. अ‍ॅरिस्टोफेनीसनं एका नाटकात तीन तुऱ्यांचा आणि भडक लाल झग्याचा टॅक्सिआर्क उभा केला आहे, लढाई आली की पहिला पळणारा. त्याच्याही दोनशे वर्षं आधी आर्किलोकस नावाचा शिपाईकवी म्हणून गेला की उंचापुरा, केस वळवलेला सेनापती मला नको. बुटका असो, फेंगड्या पायांचा असो, पण पाय रोवून उभा राहणारा द्या.

घोड्याचं विचारलंस तर झेनोफोनची हकीकत ऐक. इ.स.पू. ४०१मध्ये इराणी राजपुत्र सायरसनं दहा हजारांवर ग्रीक भाडोत्री शिपाई नेले. सायरस लढाईत मेला. इराणी सुभेदार टिसाफर्नीसनं बोलणी करायला म्हणून पाच ग्रीक सेनापती आपल्या तळावर बोलावले आणि पकडले. बरोबर गेलेले वीस लोखॅगॉसही बाहेरच कापले. घरापासून शेकडो कोस आत, आणि फौजेला डोकंच नाही. त्या रात्री उरलेल्यांनी बैठक मारली आणि पहाट होईतो नवे सेनापती निवडून मोकळे झाले. त्यांत झेनोफोन आला. तोवर तो ना शिपाई होता ना अधिकारी, नुसता बरोबर आलेला.

पुढे एकदा डोंगराचा माथा शत्रूच्या आधी गाठायचा होता. झेनोफोन घोड्यावरून माणसांना हाकारत होता, चला, आत्ता थोडा दम काढा, पुढची वाट मोकळी. सोटेरिडास नावाचा एक शिपाई म्हणाला, आपलं सारखं नाही झेनोफोन, तू घोड्यावर बसलास, मी ढाल वाहून मेलो. झेनोफोननं काय केलं? खाली उडी मारली, त्याला रांगेतून ढकललं, त्याची ढाल घेतली आणि चढू लागला. अंगात घोडेस्वाराचं जड चिलखत होतं, ते वेगळंच. दमला, मागे पडायला लागला, तरी पुढच्यांना चला आणि मागच्यांना या म्हणत राहिला. बाकीच्या शिपायांनी सोटेरिडासला दगड मारले, गुद्दे घातले, शिव्या दिल्या, शेवटी त्यानं ढाल परत घेतली. झेनोफोन पुन्हा घोड्यावर बसला, घोडा चढेल तिथपर्यंत गेला, मग घोडा सोडून पायी निघाला. माथ्यावर ग्रीक आधी पोचले.

एक सांगतो, तुझ्या कॅम्पात सरांना असं बोलायला जाऊ नकोस. ग्रीकांत हे चालायचं, कारण ढाल वाहणारा आणि घोड्यावर बसलेला हे दोघेही सभेतले सारखेच मतदार.

पगाराचा हिशेब झेनोफोननंच दिला आहे. शिपायाला महिन्याला एक डॅरिक, म्हणजे इराणी सोन्याचं नाणं. लोखॅगॉसला दोन, सेनापतीला चार. म्हणजे शिपाई आणि सेनापती यांत फरक फक्त चौपट. तोही हातात पडला तर! थ्रेसचा राजा स्यूथीस याच्याकडे फौज काही महिने चाकरीला राहिली, त्यानं पगार थकवला आणि शिपायांनी दोष ठेवला झेनोफोनवर. मोहिमेच्या शेवटी लॅम्प्सॅकसला पोचला तेव्हा ओळखीच्या एका ज्योतिष्यानं विचारलं, किती सोनं जमलं? झेनोफोननं शपथेवर सांगितलं की घोडा आणि अंगावरचं सामान विकल्याशिवाय घरी जायलासुद्धा पैसे नाहीत. ज्योतिष्याला खरं वाटेना. घोडा खरंच विकला होता, पन्नास डॅरिकला. थोड्या दिवसांनी फौजेला पैसे द्यायला दोन माणसं आली. घोडा त्याचा आवडता होता हे त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी तो सोडवून आणून त्याच्या हाती दिला आणि किंमत घेतली नाही.